हेलिऑस ४४-२ या जुन्या सोव्हिएत कॅमेरा लेन्सची फोकस रिंग फार घट्ट फिरते, काय करावं?

आतलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालंय. वरून डब्ल्यूडी-४० (तेलकट स्प्रे) मारू नका. ते पसरत अ‍ॅपर्चरच्या प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर जातं आणि मग दुप्पट काम.

रिंगवरचे तीन बारीक स्क्रू नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवा. हेलिकॉइड (लेन्स पुढे-मागे सरकवणारी आट्यांची जोडी) उघडताना दोन्ही भाग नेमके कुठे सुटतात तिथे खूण करा. आटे अनेक सुरुवातींचे असतात, म्हणजे ते एकमेकांत अनेक ठिकाणांहून बसू शकतात. चुकीच्या आट्यात बसवलं तर इन्फिनिटी फोकस (फार दूरच्या वस्तूवरचा फोकस) मिळत नाही. खरी गोची इथेच होते. आटे लायटर फ्लुइड आणि टूथब्रशने स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या. मग हेलिकॉइड ग्रीसचा अगदी पातळ थर. जास्त लावलं की रिंग पुन्हा जड. शेवटी दूरच्या टॉवरवर इन्फिनिटी जुळवून स्क्रू आवळा.