एमडी चेस्ट झाल्यावर अजून किती शिकायचं? इंदूरच्या एका आईला उत्तर

ताई, पत्र पूर्ण वाचलं. मुलगी रेस्पिरेटरी मेडिसिनच्या, म्हणजे छातीच्या आजारांच्या, एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षेनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष आहे, आणि आता ती म्हणतेय की त्यानंतर बाहेरगावी एक वर्षाची ब्रॉन्कोस्कोपीची (दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघण्याची) फेलोशिप करायची, जमलं तर डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीसाठी नीट एसएस ही प्रवेश परीक्षा द्यायची, वर कॉन्फरन्स चालूच. वय 29, स्थळं येतायत, आणि नातेवाईक म्हणतात "एवढं करून शेवटी टीबीचीच डॉक्टर ना". तुमचा प्रश्न एकच आहे, हे शिक्षण संपणार कधी?

आधी तो टीबीचा मुद्दा. आपल्याकडे इंदूरात छातीचा डॉक्टर म्हटलं की जुन्या लोकांना एमआरटीबी हे टीबीचं हॉस्पिटलच आठवतं, त्यामुळे लोक असं बोलतात, मनावर घेऊ नका. ही ब्रांच आज दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार), फुप्फुसाचा कॅन्सर, आयएलडी (फुप्फुस कडक होण्याचे आजार), झोपेत श्वास अडकणं, आयसीयूतला बायपॅप (मास्कने श्वास देणारं मशीन) आणि व्हेंटिलेटर, असं सगळं बघते. आणि टीबी बघणं काय कमी आहे का? औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची ट्रीटमेंट आधी वीस-वीस महिने चालायची, त्यात कित्येक पेशंट मध्येच सोडून द्यायचे, 2024 मध्ये सरकारने चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा कोर्स मंजूर केला. जो डॉक्टर त्याआधी पास झाला त्याला हे कॉलेजात कोणी शिकवलेलं नाही, नंतरच शिकावं लागलं. दम्याचंही तेच, सौम्य दम्याला नुसता रिलीव्हर पंप देऊन पाठवायची पद्धत कितीतरी वर्षं होती, 2019 मध्ये गिना या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या गाइडलाइनने सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता तो देऊ नका, सोबत स्टेरॉइडचा इन्हेलर हवाच. म्हणून ती कॉन्फरन्सला जाते ते फिरणं समजू नका. मेडिकल कौन्सिलच्या नियमातच आहे की डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान 30 तास सीएमई, म्हणजे पदवीनंतरचं चालू शिक्षण, करावं, आणि खरं सांगायचं तर या ब्रांचमध्ये 30 तास फारच कमी पडतात. चेस्टवाल्यांची वर्षातली मोठी कॉन्फरन्स नॅपकॉन, तिथे तिला जाऊ द्या, आणि लेक्चरपेक्षा वर्कशॉपला नाव नोंदवायला सांगा.

आता पदव्यांचं. एमडी ही पूर्ण स्पेशालिस्टची पदवी आहे, तेवढ्यावर ती इंदूरात स्वतःची ओपीडी, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं), साधी ब्रॉन्कोस्कोपी, स्लीप स्टडी सगळं करू शकते, अडून काही राहत नाही. डीएम पल्मनरीची अजून तीन वर्षं असतात. मेडिकल कॉलेजात सुपरस्पेशालिटी शिकवायची असेल, किंवा लंग ट्रान्सप्लांट करणाऱ्या मोठ्या सेंटरमध्ये जायचं असेल तर डीएम करावं, नुसतं बोर्डावर अजून दोन अक्षरं हवीत म्हणून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीची हर्मिस नावाची परीक्षा 2008 पासून होते, मुली हल्ली त्याबद्दल पण विचारतात. अभ्यास पक्का होतो, चांगली आहे, पण ती डीएमची जागा घेत नाही आणि परदेशात प्रॅक्टिसचं लायसन्सही नाही, तेव्हा पैसे हाताशी असतील तरच.

फेलोशिपला मात्र माझा पाठिंबा आहे, आणि इथे तुम्ही घरच्यांनी थोडी चौकशी करायला हवी. प्रायव्हेट हॉस्पिटलच्या बऱ्याच फेलोशिप म्हणजे त्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असतं, सरकारी मान्यतेची पदवी नसते, त्यामुळे तिची किंमत कागदात नाही, हातात काय आलं त्यात आहे. मागच्या वर्षी तिथून निघालेल्या फेलोला सरळ फोन करायचा आणि विचारायचं, ईबस (ब्रॉन्कोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी) तू स्वतः किती केल्या आणि किती नुसत्या उभं राहून बघितल्या? स्कोप कोणाच्या हातात असतो? थोरॅकोस्कोपी (छातीच्या पोकळीत दुर्बीण घालून बघणं), क्रायोबायोप्सी (फुप्फुसाचा तुकडा गोठवून काढणं) होते का? लॉगबुकवर सही मिळते का, का वर्षभर वॉर्डचे राउंड आणि नाइट ड्युट्याच? उत्तर देताना समोरचा अडखळला तर हॉस्पिटल कितीही नावाजलेलं असो, सोडून द्यायचं.

बाँडचं वर्ष वाया जाणार असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. समजा झाबुआ, अलिराजपूर, धार बाजूला पोस्टिंग मिळालं तर मी म्हणेन नशीब. तिकडचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा भागात क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परत आले, कित्येक जण तरणेताठे असतानाच वारले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2016 मध्ये 238 मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्यायचा आदेश झाला. या लोकांचा एक्स-रे टीबीसारखा दिसू शकतो, त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे टीबीच्याच गोळ्या चालू राहतात आणि मूळ आजार कागदावर येतच नाही. कागदावर नाही म्हणजे भरपाई पण नाही. "आधी काय काम करत होतास, कुठे, किती महिने" हे प्रत्येक पेशंटला विचारायची सवय तिला तिथे लागली तर ते कुठल्याही फेलोशिपइतकंच मोलाचं आहे, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

तर हिशोब असा की बाँड एक वर्ष, फेलोशिप एक वर्ष, मग इंदूर. लग्न त्यासाठी थांबवायची गरज मला दिसत नाही, पण स्थळ बघायला येतील तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगून टाका की दोन वर्षं ती बाहेर असेल, रात्रीचे कॉल येतील आणि वर्षातून दोन-तीनदा कॉन्फरन्सला जाईल, ज्यांना चालणार नाही ते तिथेच कळेल. आणि नीट एसएसचा फॉर्म निघाला की तिला भरू द्या, नंबर लागला तरी डीएम घ्यायचं की नाही ते तेव्हा तिचं ती ठरवेल.