त्या अर्जावर आत्ता सही करू नका

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरला नंदनवनमध्ये राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून अनुदानित मराठी शाळेत चौथीत आहे. तीसपर्यंतचे पाढे तो तोंडपाठ म्हणतो. पण यंदा शाळा उघडल्यापासून त्याने जुलैमध्ये श्रुतलेखनाची वही फाडली, ऑगस्टमध्ये बाक उलटवला आणि गेल्या आठवड्यात वही पुढे ठेवणाऱ्या बाईंच्या हाताला तो चावला. तिन्ही प्रकार मधल्या सुट्टीनंतरच्या मराठीच्या तासाला झाले. मुख्याध्यापकांनी ‘याला विशेष शाळेत घाला’ असे सांगून टीसीचा अर्ज हातात दिला आहे. सासूबाई म्हणतात, दोन रट्टे द्या. शेजारी मतिमंद मुलांच्या शाळेचा पत्ता देतात. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र हाच मुलगा दोन तास एका जागी बसून लाकडी नंदी सजवत होता. मी काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिली गोष्ट म्हणजे तो अर्ज तसाच ठेवा, त्यावर सही करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शाळेला मुलाचे नाव काढता येत नाही. पण पालकांनीच दाखला मागितला तर कागदोपत्री ते तुमच्या मर्जीने झाले असे दिसते. पुन्हा आग्रह झाला तर कारण लेखी मागा, आणि गरज पडल्यास ते पत्र घेऊन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.

आता मुलाविषयी. तिन्ही प्रसंग एकाच तासाचे आहेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. पाढे तोंडी म्हणणारा मुलगा लिहायची वेळ आली की बिथरतो. मी शिक्षिका असताना माझ्या वर्गातला एक मुलगा प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला ढकलायचा, आणि मी त्याला वर्गाबाहेर उभे करायचे. कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आले की त्याला बाहेरच जायचे होते, आणि शिक्षा म्हणून मी त्याची वाचनातून सुटका करत होते. त्याला अक्षरे ओळखताच येत नव्हती. त्याचे ते वर्ष मी वाया घालवले, याची खंत मला आजही आहे.

तुमच्या मुलाचे तसेच असेल असे मी पत्रावरून सांगू शकत नाही. अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, चिंता, सुट्टीतला गोंगाट सहन न होणे किंवा कोणी चिडवणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि दोन गोष्टी एकत्रही असतात. म्हणून आधी तपासणी हवी. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, किंवा मिहानमधील एम्सच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत त्याला न्या, आणि बुद्ध्यांकाबरोबर वाचन-लेखनाची चाचणीही हवी, हे तिथे स्पष्ट सांगा. जाण्यापूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, त्याने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले, एवढेच त्यात लिहा. ‘फार त्रास देतो’ या वाक्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. या वहीने पुष्कळ कळते.

विशेष शाळेविषयी बोलायचे तर, आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळा बौद्धिक अक्षमता, कर्णबधिरत्व किंवा अंधत्व असलेल्या मुलांसाठी आहेत. अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून भावनिक अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट मानला जातो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार आहेत. वर्तनसमस्या हा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे केवळ चिडतो म्हणून मुलाला बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत बसवले, तर त्याचे शिकणे खुंटेल आणि चिडणेही थांबणार नाही. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे.

तरीही तपासणीनंतर तज्ज्ञांनी लहान वर्ग आणि प्रशिक्षित शिक्षक असलेली जागा सुचवली, तर शिक्क्याच्या भीतीने नाही म्हणू नका. रोज अपमान होणाऱ्या वर्गात बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. मात्र शाळा आधी स्वतः पाहा आणि शक्य असेल तर मधल्या सुट्टीनंतर तासभर तिथे बसा. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, वर्गात मुले किती, प्रत्येक मुलाचा वेगळा शिक्षण आराखडा लेखी असतो का, आणि नेहमीच्या शाळेत परत पाठवण्याचा विचार होतो का, हे विचारा. मूल वस्तू फेकू लागले तर काय करता, या प्रश्नाला ‘खोलीत बंद करतो’ असे उत्तर आले, तर तिथून उठून या.

बाईंना मात्र तुम्ही स्वतः जाऊन भेटा. हाताला चावा बसलेल्या शिक्षिकेची भीती खरी आहे, आणि भरलेल्या वर्गात त्या एकट्या असतात. आधी त्यांच्या हाताची चौकशी करा आणि मग अहवाल येईपर्यंत श्रुतलेखनाऐवजी तोंडी उत्तरे घेता येतील का, सुट्टीनंतर त्याला पाच मिनिटे पाणी पिऊन शांत बसू देता येईल का, एवढेच विचारा. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळेत बोलावता येतील का, हेही मुख्याध्यापकांना विचारा.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण घरात मार बंद झाला पाहिजे. ज्याला चिडल्यावर स्वतःला आवरता येत नाही, त्याला मारून आपण तेच शिकवतो. एखाद्या रात्री तुमचाच धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

आणि ओपीडीत चाव्याबद्दल सांगाल तेव्हा नंदीबद्दलही सांगा. दोन तास तो कशात रमला, आरसे चिकटवताना हात नीट चालत होता का, मध्येच कोणी हाक मारली तर चिडला का, हे आठवून त्याच वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.