आधी पेटीवर आडनाव लावा

वाचकांचे प्रश्न, म्युनिकहून उत्तरं

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑक्टोबरात नाशिकहून म्युनिकला आले. तिकडं सहकारी बँकेत होते, इथं दिवस खायला उठतो. साडेचारला तर अंधारच पडतो. माझा टॅक्स नंबर अजून आला नाही, बँकेनं पाठवलेलं कार्डही परत गेलं म्हणतात. ह्यांची पत्रं मात्र बिनबोभाट येतात. त्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रविवारी मिक्सर लावला म्हणून दाराला चिठ्ठी चिकटवली. मला इथं नोकरी करता येते का? की आधी भाषा शिकू आणि मगच बाहेर पडू?

उत्तर : ताई, आधी जिना उतरून खाली जा आणि टपालपेटीवर कुणाचं नाव आहे ते बघा. फक्त नवऱ्याचं असणार. आणि तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असणार. बरोबर ना? इथल्या इमारतींत घरांना बहुतेक वेळा नंबरच नसतात. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, एवढ्यावर पोस्टमन पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नाही, म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही तिथं राहत नाही. तो बिचारा पत्र परत पाठवतो. नवीन आलेल्या कितीतरी मराठी बायकांचं घोडं इथंच अडतं, आणि त्या नवऱ्याच्या ऑफिसच्या एचआरला मेलवर मेल पाठवत बसतात.

तेव्हा आजच कागदाच्या पट्टीवर दोन्ही आडनावं ठळक रोमन अक्षरांत लिहा आणि पेटीवर चिकटवा. खालच्या बेलवरही. मग घरमालकाला किंवा इमारतीच्या केअरटेकरला (इथं त्याला हाउसमाइस्टर म्हणतात) कळवा, ते नीट पाटी करून देतील. टॅक्स नंबर पुन्हा मागवता येतो, पण तोही टपालानंच येतो, फोनवर सांगत नाहीत. म्हणून आधी नाव, मग अर्ज. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, नवऱ्यानं तुम्हा दोघांची केली आहे ना, तेही त्या कागदावर डोळ्यांनी बघा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. तुमची नोंदणीच राहिली असेल तर टॅक्स नंबर कुठून येणार?

नोकरीचं उत्तर तुमच्याच पर्समध्ये आहे. राहण्याच्या परवान्याचं जे कार्ड मिळालंय, त्यावर किंवा सोबतच्या हिरव्या कागदावर ‘एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’, म्हणजे ‘काम करण्यास परवानगी’, असं छापलंय का बघा. नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदाराला ही परवानगी मिळते. नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणी ‘डिपेंडंटला काम करता येत नाही’ असं सांगितलं असेल तर ते दुसऱ्या एखाद्या देशाचं ऐकून सांगतायत.

आता भाषा. ती शिका, म्युनिकच्या फोक्सहोखशूलेत, म्हणजे महापालिकेच्या प्रौढशिक्षण संस्थेत, अगदी पहिल्या पायरीपासूनचे वर्ग असतात आणि खासगी क्लासपेक्षा फी परवडते. पण ‘भाषा आली की बाहेर पडेन’ हे मला मुळीच पटत नाही. असं म्हणणाऱ्या बायका दोन वर्षांनीही घरातच दिसतात. तुम्ही उलटं करा. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, म्हणून स्वयंपाक-धुणं सगळं दुपारनंतर ढकला आणि अकरा ते एक बाहेर काढा. रोज त्याच बेकरीत, त्याच वेळी जा. एक ब्रेत्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) मागायला ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार, आणि बोट दाखवणं पुरतं. काही दिवसांत काउंटरवरची बाई तुम्ही काय घेणार ते न विचारता उचलायला लागते. नवऱ्याच्या ओळखीनं नव्हे, तुमच्या तुम्ही जोडलेलं ते पहिलं माणूस. मंडळाचे गणपती, हळदीकुंकू हे सगळं आहेच, पण मंगळवारी सकाळी साडेअकराला मंडळ कामाला येत नाही.

खालच्या बाईंचं म्हणाल, तर चिठ्ठी लावली हे चांगलंच झालं. काही लोक थेट घरमालकाला कळवतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारचा पूर्ण दिवस शांततेचा. ड्रिल, हातोडा तर सोडाच, काचेच्या रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकायलाही रविवारी बंदी असते, कारण खणखणाट होतो. मिनिटभर चटणी वाटल्यानं कुणी पोलीस बोलावत नाही, पण इडलीचं पीठ शनिवारीच वाटून ठेवा. आणि तुम्ही स्वतः, नवऱ्याला न पाठवता, त्यांची बेल वाजवा. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल. नाव सांगा, ‘एन्टशुल्डिगुंग’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणा, कोणत्या वेळी आवाजाचा त्रास होतो ते विचारा. पुढे ह्याच बाई तुमच्या घराची जादा किल्ली ठेवून घेतील, आणि ती लागतेच. का, ते पुढच्या पत्रात.

एक न विचारलेलं सांगते. थंडी आत येते म्हणून खिडक्या गच्च बंद ठेवून कुकर आणि धुतलेले कपडे एकाच खोलीत? तर महिन्याभरात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. हीटर बंद करून दिवसातून तीन-चारदा खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि मग बंद. दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवण्याचा उपयोग नाही, त्यानं भिंत फक्त गार पडते. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकते, आणि बुरशीचं खापर भाडेकरूवर फुटलं की ती तिथूनच कापायला बघतात.

प्रश्न : मी सांगलीचा, निवृत्त शिक्षक, वय ६९. मुलगा आणि सून म्युनिकला. मे महिन्यात तीन महिन्यांसाठी येतोय, पत्नी हयात नाही. दोघं दिवसभर कामावर. मला कोंडून घातल्यासारखं होईल का, ही धास्ती आहे.

उत्तर : सर, मे म्हणजे तुम्ही उत्तम मुहूर्त धरलाय. जूनमध्ये इथं रात्री नऊनंतरही उजेड असतो. कोंडून राहण्यापेक्षा बाहेर अडकण्याचीच भीती जास्त, तेव्हा ते आधी ऐका. इथल्या घराचं दार नुसतं ओढलं तरी लागतं. बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. कचरा टाकायला चपला घालून खाली गेलात, वाऱ्यानं दार लागलं आणि किल्ली आत, की संपलं. कुलूपवाला, तोही रविवारचा, कित्येकदा शेकड्यांनी युरो मागतो. म्हणून किल्ली दोऱ्यात घालून गळ्यात आणि दुसरी शेजाऱ्यांकडे. मुलगा हसेल, हसू दे.

फिरायला तिकीट लागतं, पण स्टेशनवर फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. तपासनीस साध्या कपड्यात येतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. पट्टीचं तिकीट (एकाच कागदावर अनेक फेऱ्यांच्या पट्ट्या) घेतलंत तर ते मशीनमध्ये ठसा उमटवल्याशिवाय ग्राह्य नाही. त्यापेक्षा मुलाला जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट काढायला सांगा. २०२६ पासून ते ६३ युरोंना आहे, लोकल, बस, ट्राम, सगळ्यात चालतं. मात्र ते दरमहा आपोआप चालू राहतं. शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायचं, नाहीतर तुम्ही सांगलीत पोचलात तरी पैसे कापले जातील.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाचं पाणी थेट प्यायचं, १८८३ पासून ते मुख्यतः मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं आणि चव आपल्या विहिरीच्या पाण्याच्या जवळपास जाते. ते घेऊन इझार नदीच्या काठानं चालायला जा. बाकावर बसलेले तुमच्याच वयाचे लोक भेटतील. इंग्रजी येत असेल तर बोलतीलही, पण पहिला शब्द तुम्हाला टाकावा लागेल.

औषधं तीन महिन्यांची पूर्ण आणा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या इथं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि आपल्याकडची चिठ्ठी इथलं दुकान घेत नाही. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढावा लागतो, पण जुन्या आजारांचं त्यात काय आहे, तो बारीक अक्षरातला भाग आताच वाचा. रात्री-अपरात्री बरं वाटलं नाही आणि जीवावरचं नसेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावून ठेवा. आणि ‘तीन महिने’ म्हणजे कॅलेंडरचे नव्हेत, ९० दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात, परतीचं तिकीट त्याप्रमाणे काढा.

प्रश्न : एमएससाठी आलोय, वसतिगृहात राहतो. सुपरमार्केटच्या पिठाच्या पोळ्या पापडासारख्या होतात. काय चुकतं?

उत्तर : पुड्यावर ४०५ लिहिलंय का? तो आपला मैदा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. १०५० घ्या, त्यात थोडं ५५० मिसळा, कोमट पाण्यानं सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. अगदी घरच्यासारखी हवी तर मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएथेश्ट्रासे, लांडवेरश्ट्रासे ह्या भागात चक्कर मारा. तिथल्या तुर्की-अरबी दुकानांत कोथिंबिरीच्या भल्यामोठ्या जुड्या मिळतात, आणि भारतीय दुकानात आपला आटा. तिकडं जातोसच तर रवाही घे, नाही मिळाला तर सुपरमार्केटमधला ‘वाइखवायत्सनग्रीस’ चालतो. श्रीखंडाची हुक्की आली तर डब्यावर ४० टक्के लिहिलेलं क्वार्क (दह्यासारखं मऊ ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगून ठेव, चक्क्याला तोड नाही.

आणि हे सगळं शनिवारी रात्री आठच्या आत. रविवारी दुकानं बंद, शिवाय म्युनिकला वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या आहेत, त्याही दिवशी बंद. फारच नड असेल तर मुख्य स्टेशनमधलं दुकान उघडं असतं, पण तिथली रांग बघून भूक मरते.