क्षमा केली, तरी मन का दुखते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे क्षमेविषयीची आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. प्रश्नांचा गाभा मात्र त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे.

प्रश्न : आईच्या आजारपणात तिचे दागिने मी लाटले, असे माझ्या मोठ्या भावाने सगळ्या नातेवाइकांत पसरवले. ते खोटे असल्याचे पुढे उघड झाले, पण त्याने आजवर चूक कबूल केलेली नाही. आम्ही एकाच ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) सभासद आहोत. प्रार्थनेत मी त्याला कितीतरी वेळा क्षमा केली आहे. तरीही उपासनेत तो पुढे उभा राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचू लागला की माझ्या हातातले गीतपुस्तक थरथरू लागते आणि वाचनातला एकही शब्द कानात शिरत नाही. वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, "झाले गेले विसरून जा." माझी क्षमा खोटी आहे का? अशा मनाने मी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) घ्यावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमची क्षमा खोटी नाही. तुमच्या दीर्घ पत्रात भावाचे वाईट व्हावे असे सुचवणारे एकही वाक्य मला आढळले नाही, आणि ज्याने आपल्याला इतके दुखावले त्याच्याविषयी असे पत्र लिहिता येणे ही लहान गोष्ट नव्हे. हात थरथरतो, कारण झालेला अपमान शरीराच्या ध्यानात आहे. क्षमेचा निर्णय एखाद्या रात्रीच्या प्रार्थनेत होऊ शकतो. भावना निवळायला मात्र तिचा तिचा काळ लागतो, आणि त्या काळात निर्णय मोडला असे होत नाही. एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकी ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने क्षमेच्या अभ्यासात आयुष्य घालवले असून, निर्णयाने केलेली क्षमा आणि भावनेतून उतरलेली क्षमा असा भेद त्यांनी मांडला आहे. त्यांच्यासाठी हा केवळ अभ्यासाचा विषय राहिला नाही, कारण १९९६ मध्ये घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या वृद्ध आईचा खून केला. तुम्ही निर्णय केलेला आहे. भावना मागून येत आहेत आणि त्यांना यायला वेळ लागत आहे, एवढेच.

"आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का?" असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले तेव्हा प्रभू येशूने "साताच्या सत्तर वेळा" असे उत्तर दिले, हे आपण सगळेच जाणतो. हे वचन आपण बहुधा नव्या नव्या अपराधांना लावतो. मला मात्र असे वाटते की, एकच जुना अपराध मनात पुन्हा पुन्हा उभा राहतो आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा देवाच्या हाती द्यावा लागतो, त्या माणसासाठीही हे वचन तितकेच आहे. रविवारी गीतपुस्तक थरथरले आणि तुम्ही मनातल्या मनात "प्रभो, हेही तुझ्याकडे" असे म्हणालात, तर मागील क्षमा फुकट गेली असे समजू नका; त्या क्षणी तुम्ही पुन्हा एकदा क्षमा केली आहे.

आता "विसरून जा" या सल्ल्याविषयी. तो प्रेमापोटीच दिला गेला असेल, पण शास्त्राचा आधार त्याला फारसा नाही. बायबलमधील मत्तयाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पेत्राला उत्तर देताना प्रभूने जो दाखला सांगितला, त्यात राजा आधी आपल्या दासांचा हिशेब घेतो. एका दासाकडे दहा हजार तालंत येणे आहे हा आकडा समोर येतो, आणि मगच ते ऋण सोडले जाते. एक दिनार ही त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी होती आणि एका तालंताचे सुमारे सहा हजार दिनार होत, हे लक्षात घेतले म्हणजे राजाने किती मोठी रक्कम सोडली हे कळते. रक्कम किती ते ठाऊक नसताना ती सोडता येत नाही. म्हणून आपल्या बाबतीत नेमके काय घडले, त्यामुळे कोणती माणसे दुरावली, कोणत्या घरी जाणे बंद झाले, आईच्या अखेरच्या दिवसांत तिच्याजवळ बसण्याचे समाधान कसे हिरावले गेले, हे सगळे देवापुढे नावानिशी सांगणे हा क्षमेचाच भाग आहे. "काही झालेच नाही" असे म्हणणाऱ्याजवळ क्षमा करण्यासारखे काही उरतच नाही.

त्याच अध्यायात, या दाखल्याच्या थोडेसेच आधी, आणखी एक सूचना आहे आणि ती आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचली जाते. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. त्याने ऐकले नाही तर आणखी एकादोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. दोष दाखवणे आणि साताच्या सत्तर वेळा क्षमा करणे या दोन्ही आज्ञा एकाच अध्यायात शेजारी शेजारी दिल्या आहेत, त्यामुळे एकीने दुसरी रद्द होत नाही. भावाशी एकांतात बोलण्याचे बळ आज नसेल तर घाई करू नका. बळ आले म्हणजे जा, किंवा पाळकसाहेबांना बरोबर घेऊन जा, आणि "तू असे बोललास, ते खरे नव्हते, आणि त्याने माझे एवढे नुकसान झाले" इतकेच शांतपणे सांगा. त्याने ते मानले नाही, तरी तुमच्याकडून करायचे ते झालेले असेल. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना सर्वांबरोबर शांतीने राहण्याचा उपदेश केला, पण त्याला "साधेल तर" आणि "तुम्हांकडून होईल तितके" अशी जोड दिली. समेटासाठी दुसरा माणूसही यावा लागतो, हे त्याला ठाऊक होते.

प्रभुभोजनाविषयी निःसंकोच सांगतो : घ्या. अयोग्य प्रकारे भाकर खाण्याविषयी पौलाने करिंथच्या मंडळीला जे बजावले, त्याचा प्रसंग काय होता ते पाहा. तेथे पोटभर असलेले लोक आधी जेवून घेत होते, गरीब भुकेले राहत होते आणि त्यांचा अवमान होत होता. दुखावलेल्या माणसाला मेजापासून दूर ठेवणे हा त्या इशाऱ्याचा हेतू नव्हता. वेदीपुढे दान ठेवून आधी समेट करण्याची प्रभूची आज्ञाही अशीच उलटी वापरली जाते. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे ज्याला आठवते त्याला ती आज्ञा दिलेली आहे. म्हणजे तेथे पहिले पाऊल दुखावणाऱ्याने टाकायचे आहे. तुमच्या मंडळीतील वडीलधाऱ्या भगिनींनी हे वाचले, तर माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी या बहिणीच्या शेजारी बसावे आणि हा विषय एकदा तिच्या भावाकडेही काढावा.

प्रश्न : लहानपणी वडिलांनी मला पट्ट्याने, काठीने, हाताला लागेल त्याने मारले. आज ते वृद्ध आहेत आणि त्यांनी आमच्याकडे राहावे असा नातेवाइकांचा आग्रह आहे. मी त्यांना क्षमा केली आहे असे मला वाटते, पण माझी मुले लहान आहेत आणि वडिलांचा संताप तसाच आहे. रात्री मी दचकून जागा होतो. "आपल्या बापाचा मान राख" ही आज्ञा मी मोडत आहे का?

उत्तर : प्रिय बंधू, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेचे स्मरण इफिसकरांस करून देताना पौलाने लगेच पुढे बापांनाही सुनावले आहे, की आपल्या मुलांना चिडीस आणू नका. आज तुम्ही मुलगाही आहात आणि बापही आहात, आणि दुसरे कर्तव्य पहिल्याहून कमी नाही. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे अजूनही हात उगारणाऱ्या माणसाला ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांचा औषधोपचार, जेवणखाण, राहण्याची नीट सोय, अधूनमधून तुमच्या सोयीने भेट, हे सगळे दुसऱ्या जागी राहूनही होऊ शकते, आणि त्यात त्यांचा मान राखला जातो. नातेवाइकांना हे पटेलच असे नाही. निर्णय तुमचा आणि तुमच्या पत्नीचा आहे.

क्षमा आणि विश्वास यांची आपण गल्लत करतो, आणि त्या गल्लतीत दुबळ्यांचेच नुकसान होते. बायबलमधील योसेफाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. सतरा वर्षांच्या योसेफाला भावांनी वीस रुप्यांना विकले, आणि विकण्याची कल्पना यहूदाची होती. वीसहून अधिक वर्षांनी ते धान्यासाठी त्याच्यापुढे लवून उभे राहिले तेव्हा त्याने त्यांना ओळखले, पण स्वतःची ओळख दिली नाही. तो बाजूला जाऊन रडला आणि परत येऊन त्याने शिमोनाला अडकवून ठेवले. पुढे बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला ठेवून, आईच्या दुसऱ्या मुलाशीही हे तसेच वागतात का, हे त्याने पाहिले. ज्या यहूदाने एका भावाला विकले होते तोच दुसऱ्या भावाच्या जागी गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा मात्र योसेफाला आवरले नाही. तो मोठ्याने रडला आणि "मी योसेफ आहे" असे म्हणाला. त्याच्या मनातली क्षमा केव्हापासून होती हे शास्त्र सांगत नाही. घराचे दार मात्र त्याने बदल दिसल्यावरच उघडले. तुमच्या वडिलांमध्ये असा बदल दिसला, त्यांनी केलेले मारणे मारणे म्हणून कबूल केले, तर पुढचा विचार तेव्हा करता येईल.

तुमच्या रात्रीच्या दचकण्याकडे दुर्लक्ष करू नका. हिंसेत वाढलेल्या माणसांत असे दिसते. त्यावर उपचार आहेत, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. बोलणे त्यानंतर कित्येक दिवसांनी, डोंगरावर झाले. प्रार्थना चालू ठेवा आणि तज्ज्ञांची वेळही घ्या. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो.

प्रश्न : आई मला जन्मभर बहिणीशी तुलना करून हिणवत आली. अखेरच्या आजारात तिची सेवा मीच केली, पण ती एकदाही मायेने बोलली नाही. आता ती प्रभूकडे गेली आहे. क्षमा करू तरी कोणाला? देवाचाही राग येतो आणि त्या रागाची भीती वाटते.

उत्तर : प्रिय भगिनी, मार्काच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, तुम्ही प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. ती व्यक्ती समोर असावी, तिने ऐकावे, उत्तर द्यावे, अशी अट तेथे नाही. म्हणून आई नसली तरी तुमचे दार बंद झालेले नाही. मात्र तुमच्या दुःखात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : आईने जे केले ते, आणि तिच्याकडून जे कधीच मिळाले नाही ते. पहिल्याला क्षमा लागते. दुसऱ्यासाठी रडावेच लागते, आणि क्षमा केल्यावरही ते रडणे काही काळ चालू राहील.

रागाची भीती बाळगू नका. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, आणि देवाने ती आपल्या ग्रंथात ठेवून घेतली आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची ओळ नाही. खुद्द प्रभूने वधस्तंभावरून "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले. देवावर रागावून त्याच्याकडे पाठ फिरवणे वेगळे आणि रागावून त्याच्याशीच बोलणे वेगळे; तुम्ही दुसरे करत आहात.

आईला एक पत्र लिहा. तिने हिणवताना वापरलेले शब्द त्यात जसेच्या तसे येऊ द्या, आणि तिच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रीही येऊ द्या. बाजू सावरून लिहू नका. लिहून झाले म्हणजे एकांतात देवापुढे ते मोठ्याने वाचा, शक्य असल्यास विश्वासातली एखादी मैत्रीण किंवा पाळकबाई जवळ असू द्या. शेवटी "आई, याची भरपाई मी तुझ्याकडे मागत नाही" हे वाक्य म्हणता आले तर म्हणा. या वेळी ओठांवर आले नाही, तर पत्र जपून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा वाचा.