घंटा वाजते, होते की फिरते?

कसबा बावड्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या एका गावच्या चर्चच्या घंटांचा इतिहास ते मराठीत आणताहेत. तिथं माणसं खाली उभी राहून दोर ओढतात. त्याला ‘टोले देणं’ म्हणावं का, आणि त्या माणसांना काय म्हणावं?

टोले नकोत. टोला पडतो तो जागच्या जागी असलेल्या धातूवर. पूर्वी वेळ कळवायला थाळी बडवत, तिचं नाव तास; साठ मिनिटांचा तास तिच्यावरूनच आला. देवळातली घंटाही जागा सोडत नाही, हलतो तो लोलक, म्हणून ती आपण ‘वाजवतो’. (अंबाबाईचा घाटी दरवाजा हा तिथल्या मोठ्या घंटेचाच, घाटी म्हणजे घंटा.) शाळेची घंटा मात्र ‘होते’. तिथं नादाशी कुणाला देणंघेणं नसतं, सुटी झाली एवढंच पोरांना कळतं.

इंग्लंडच्या मनोऱ्यात अख्खी घंटाच फिरते. ती मोठ्या चाकाला जखडलेली असते. सुरुवातीला तोंड वर करून उभी; दोर ओढला की खाली झोका घेऊन दुसऱ्या बाजूनं पुन्हा वर येते आणि फेरीत एकदाच वाजते. टनभर वजनाच्या घंटेला हवं तेव्हा थांबवता येत नाही. वर पोचल्यावर क्षणभर रोखता येते, तेवढ्यात वाजण्याच्या क्रमात शेजारणीशी जागेची अदलाबदल करायची. त्यामुळं तिथं सूर आळवत नाहीत, क्रम पालटत जातात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०, आणि तेवढे वाजवायला तीनेक तास लागतात. आठांचे ४०,३२० क्रम १९६३ साली लफबरो इथं सलग वाजवले, सुमारे १८ तास! याला इंग्रजीत ‘चेंज रिंगिंग’ म्हणतात; त्याचं शब्दशः ‘परिवर्तन घंटानाद’ लिहाल तर वाचक पळून जाईल. ‘घंटांची आलटापालट’ लिहा.

चर्चची म्हणून प्रत्येक घंटा फिरतेच असं नाही, आणि क्रियापद धर्मावरही ठरत नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीला त्यातली एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले दिसतात. देवळात टांगल्यावर तीही लोलकानंच वाजू लागली.

तेव्हा तुमच्या मजकुरात घंटा ‘फिरवली’ किंवा ‘दोर ओढला’ असं येऊ द्या. आवाजापुरतं ‘वाजली’ पुरे. ‘घंटा मारली’ सर्वथा टाळा, कोल्हापुरात त्याचे भलतेच अर्थ निघतील. माणसांसाठी ‘घंटावादक’ चुकीचं नाही, पण त्यानं बैठकीत बसलेला बुवा डोळ्यांपुढं येतो. आपल्याकडं दिंडीत टाळकरी असतात, वीणेकरी असतात. तसा ‘घंटेकरी’ लिहा.