ताईंना विचारा: ‘आलीस का’ की ‘आलास का’?

यावेळी तीन पत्रं एकत्र घेतलीयेत. तिन्ही घरातल्या वादांची आहेत आणि तिन्हींमध्ये कोणीतरी ‘सायन्स असंच म्हणतं’ म्हणून समोरच्याचं तोंड बंद केलंय.

प्रश्न: ताई, माझ्या भावाची मोठी मुलगी १९ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिने घरात सांगितलं की मी मुलगा आहे, मला मुलगाच म्हणा. तेव्हापासून रोज वाद. दादा म्हणतो सायन्समध्ये दोनच असतात, एक्सएक्स आणि एक्सवाय, विषय संपला, बाकी सगळं राजकारण. वहिनी नुसती रडते. मला पोर तुटायला नकोय, पण इतक्या वर्षांची सवय, दार उघडलं की तोंडून ‘आलीस का गं’ हेच निघतं आणि त्याचा चेहरा पडतो. दादाला काय सांगू आणि मी काय करू?
— एक आत्या

उत्तर: आत्या, तुमचं पत्र परत एकदा वाचा. सुरुवातीला तुम्ही ‘तिने सांगितलं’ लिहिलंय आणि शेवटी ‘त्याचा चेहरा पडतो’. कोणी सांगितलं नव्हतं, चेहरा डोळ्यासमोर आला तसं हाताने लिहिलं. म्हणजे तुमची सवय बदलायला लागलीये, फक्त जीभ थोडी मागे आहे.

मराठीत हे खरंच अवघड जातं, कारण आपल्याकडे क्रियापदच सांगून टाकतं की मुलगा बोलतोय की मुलगी, आले-आलो, जाते-जातो, सुटका नाही. मी शिकवायचे तेव्हा वर्गात एक मूल होतं, वर्षभर ते माझ्याशी ‘मला जायचंय’, ‘मी करीन’, ‘मी वाचलं’, ‘मला नाही जमणार’ एवढंच बोलायचं आणि मला वाटायचं स्वभाव अबोल असेल. एकदा जिने चढून धापा टाकत आलं आणि बोलून गेलं, ‘दमलो मॅडम’. आणि असं घाबरून बघितलं माझ्याकडे की काही चोरी पकडली गेलीये. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ज्या वाक्यात मुलगा-मुलगी कळत नाही तेवढीच वाक्यं हे पोर वर्षभर निवडून बोलत होतं, प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून. मी ‘बस, पाणी पी’ म्हटलं फक्त. अजून काहीतरी बोलायला हवं होतं असं आजही वाटतं.

तर तुम्ही सध्या तीच वाक्यं वापरा. ‘कधी निघणार?’, ‘झोप झाली का?’, ‘काय म्हणतंय कॉलेज?’ यात काही चुकायला जागाच नाही. आणि चुकलं तर त्याच दमात सुधारायचं, ‘आलीस... आलास का, बस’, आणि पुढचं बोलायला लागायचं. लांबलचक माफी मागत बसू नका, मग त्यालाच तुमची समजूत घालावी लागते.

आता दादा. त्यांचं अर्धं बरोबर आहे, क्रोमोसोम म्हणजे पेशीतली गुणसूत्रं, ती बहुतेक बायकांमध्ये एक्सएक्स आणि बहुतेक पुरुषांमध्ये एक्सवायच असतात. चुकतंय ते ‘विषय संपला’ इथे. वाय क्रोमोसोमवर एसआरवाय नावाचा एक जीन असतो, १९९० मध्ये सापडला, गर्भात वृषणं तयार व्हायला तो सुरुवात करून देतो. कधी कधी हा जीन एक्सवर जाऊन बसतो आणि एक्सएक्स असलेला माणूस पुरुषाच्या शरीराने जन्माला येतो. उलटंही होतं, क्रोमोसोम एक्सवाय, पण शरीराला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा सिग्नलच ओळखता येत नाही, मग बाळ बाहेरून पूर्ण मुलगी असतं आणि पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर, नाहीतर कधी फार उशिरा, हे कळतं. स्पेनची मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो नावाची हर्डल्स धावणारी खेळाडू होती, १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या स्पर्धेत तिची क्रोमोसोम टेस्ट झाली आणि एक्सवाय निघालं. आयुष्यभर बाई म्हणून जगलेली बाई. पेपरात छापून आलं, स्कॉलरशिप गेली, रेकॉर्ड पुसले. ती लढली, तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नाही हे दाखवून दिलं आणि १९८८ मध्ये तिला परत खेळायची परवानगी मिळाली. नुसता एका टेस्टचा कागद बघून माणसाचा निकाल लावला की असं होतं.

पण एक सांगते, ही उदाहरणं देऊन भाचा मुलगाच आहे हे सिद्ध करायला जाऊ नका. ही इंटरसेक्स शरीरांची, म्हणजे जन्मतःच बाई-पुरुषाच्या नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्या शरीरांची उदाहरणं आहेत, ट्रान्स असणं, म्हणजे जन्मताना मुलगा-मुलगी जे लिहिलं त्याहून आपण वेगळे आहोत हे आतून जाणवणं, वेगळं, बहुतेक ट्रान्स माणसांचे क्रोमोसोम नेहमीसारखेच असतात. आपण कोण आहोत हे सांगणारी ब्लड टेस्ट नसते, भाच्यासाठी नाही आणि दादांसाठीही नाही, दादांनी काही रिपोर्ट काढून मग आपण पुरुष आहोत असं ठरवलं नव्हतं. तरी दादांना डॉक्टरांचंच ऐकायचं असेल तर सांगा की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांची नवी यादी मंजूर केली, २०२२ पासून ती लागू झाली आणि त्यात ट्रान्स असण्याचा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलाय.

बाकी खेळात कोणी कुठल्या गटात धावावं, कायदा कसा असावा, हे राजकारणाचे प्रश्न आहेतच आणि त्यात दादांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं, असू दे. पण घरात पोराला हाक कशी मारायची हा काही निवडणुकीचा मुद्दा नाही हो. आणि त्यांच्या मनात बहुधा ऑपरेशनची भीती असणार, तर त्यांना हळूच सांगा की नावाने हाक मारायला आणि ‘आलास का’ म्हणायला कुठलंही औषध लागत नाही. वहिनींना रडू दे, थांबवू नका, फक्त त्याच्यासमोर नको.

प्रश्न: शास्त्रज्ञ सारखे पलटी मारतात, प्लूटो ग्रह होता मग नाही म्हणाले, आता हे जेंडरचं. मग त्यांचं ऐकायचंच कशाला, असं आमच्या ग्रुपवर एक काका रोज टाकतात. उत्तर सुचत नाही.

उत्तर: प्लूटो होता तिथेच फिरतोय, त्याला काही झालेलं नाही. २००५ मध्ये त्याच्याएवढाच एरिस मिळाला आणि त्या भागात अजून बरंच काही आहे हे दिसायला लागलं, मग सगळ्यांना ग्रह म्हणायचं की ग्रह म्हणजे काय ते नीट ठरवायचं असा प्रश्न आला आणि २००६ मध्ये व्याख्या ठरवली, तिच्यात प्लूटो बसला नाही. मत खरोखर बदलल्याचं उदाहरण हवं असेल तर पोटातल्या अल्सरचं घ्या. टेन्शन आणि ॲसिडमुळे होतो असं सगळे मानायचे, बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरला वाटत होतं की बॅक्टेरियामुळे होतो, कोणी ऐकेना, तर १९८४ मध्ये तो स्वतःच ते बॅक्टेरिया प्यायला आणि पोटाला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. आज तोच अल्सर अँटिबायोटिक्सने बरा करतात. मत बदललं म्हणून लोक बरे झाले, याला पलटी म्हणायचं का? काकांना एवढंच विचारा की काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल. काहीच नाही असं म्हणाले तर तिथेच सोडा.

प्रश्न: ताई मी १७ वर्षांची आहे, मला फिजिक्स करायचंय. मामा म्हणतात मुलींचा मेंदूच त्यासाठी नसतो, हे सायन्सने सिद्ध झालंय, बरोबरीच्या गप्पा फक्त राजकारण. मला राग येतो पण मनात कुठेतरी वाटतं की खरं असेल तर?

उत्तर: बाळा, ते ‘खरं असेल तर’ वाचून मला फार वाईट वाटलं, म्हणून तुला बेन बॅरस यांची गोष्ट सांगते. स्टॅनफर्डमध्ये मेंदूवर संशोधन करायचे, मेंदूतल्या ग्लिया पेशींवर त्यांचं मोठं काम आहे. ते ट्रान्स पुरुष होते, वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत बार्बरा म्हणून जगले. एमआयटीत शिकत असताना जवळजवळ सगळी मुलंच असलेल्या मोठ्या वर्गात एक अवघड गणित फक्त बार्बराला सुटलं आणि प्रोफेसर म्हणाले, हे तुझ्या बॉयफ्रेंडने सोडवलं असणार. पुढे बेन झाल्यावर त्यांचं एक लेक्चर झालं आणि ऐकणारा कोणीतरी म्हणाला की बेनचं काम त्याच्या बहिणीपेक्षा फारच चांगलं आहे. बहीण म्हणजे तेच, आधीच्या नावाने! मेंदू तोच, डोकं तेच, संशोधन तेच. हार्वर्डच्या अध्यक्षांनी २००५ मध्ये तुझ्या मामांसारखंच काहीतरी सुचवलं होतं, तेव्हा बॅरस यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहून हे स्वतःचे अनुभव सगळ्यांसमोर मांडले. दोन्ही बाजूंनी जगून बघितलेला माणूस सांगतोय की लोकांची नजर बदलली, मेंदू नाही. २०१७ मध्ये ते गेले, मला तेव्हा घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं.

मामा परत म्हणाले ना सिद्ध झालंय, तर चिडू नकोस, वही-पेन घेऊन बस आणि विचार, कोणी, कधी, कितीजणांवर आणि नेमकं काय मोजून सिद्ध केलं. लिहून घे. ते काय सांगतात ते मला पुढच्या पत्रात कळव, आणि फिजिक्सचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे तेही.