एकच ड्रेसिंग सगळ्या जखमांना चालेल का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कुठल्याही जखमेला चालेल असं ड्रेसिंग बनवायचंय, मटेरियल कुठलं घेऊ?

मटेरियल नंतर बघ, आधी जखम किती पाझरते ते बघ. कोरड्या जखमेला ओलावा द्यावा लागतो आणि पाझरणाऱ्या जखमेतला काढून घ्यावा लागतो, ही दोन्ही कामं एकाच मटेरियलकडून मागितलीस तर एकही धड होणार नाही. हायड्रोजेल म्हणजे बहुतेक सगळं पाणीच, ते कोरडी कडक साल मऊ करायला उत्तम, पण पाझरणाऱ्या जखमेवर लावलं की कडेची चामडी पांढरी पडून भिजते. अल्जिनेटचं बरोबर उलट. ते तपकिरी समुद्री शेवाळापासून बनतं, त्यातलं कॅल्शियम आणि स्रावातलं सोडियम यांची अदलाबदल झाली की धाग्यांचं जेल होतं, आणि कोरड्या जखमेवर ठेवलंस तर तिथे स्रावच नसल्याने ते तसंच चिकटून बसतं.

म्हणून मी सांगेन की थर वेगळे ठेव. खाली जखमेला न चिकटणारा छिद्रांचा सिलिकॉनचा थर, वर वाफ बाहेर जाऊ देणारी पण पाणी आणि जंतू आत न घेणारी पातळ पॉलियुरेथेन फिल्म, आणि मधला शोषणारा थर मात्र बदलता येईल असा. शिवाय तीच जखम पहिल्या आठवड्यात भरपूर पाझरते आणि बरी होत आली की जवळजवळ कोरडी होते, म्हणजे एका पेशंटलाही शेवटपर्यंत एकच ड्रेसिंग पुरत नाही. मला विचारशील तर सगळ्यांना चालणारं ड्रेसिंग म्हणजे हेच, जखम बदलली की फक्त मधला थर बदलायचा.

टेस्टिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण प्रोजेक्टमध्ये गाडी इथेच घसरते. साध्या पाण्यात तुकडा बुडवून वजन करू नकोस, अल्जिनेटला सोडियमच मिळालं नाही तर ते जेल होणार कसं? लिटरमागे 142 मिलिमोल सोडियम आणि 2.5 मिलिमोल कॅल्शियम असलेलं द्रावण वापर, स्टँडर्ड टेस्टमध्ये तेच असतं. आणि नुसतं किती शोषलं एवढंच मोजून थांबू नकोस, वजन ठेवून किती धरून ठेवलं तेही मोज, कारण व्हेरिकोज व्हेन्समुळे झालेल्या जखमेवर वरून प्रेशर बँडेज असतं, घोट्यापाशी साधारण 40 मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब येतो, आणि टेबलावर छान वाटलेला फोम, म्हणजे स्पंजसारखा शोषणारा थर, तिथे दाबला गेला की सगळा स्राव परत जखमेत आणि आजूबाजूच्या चामडीवर सोडतो.

प्रश्न: आईच्या नडगीवर जखम आहे. ती म्हणते उघडी ठेवा, हवा लागली की खपली धरते. सिस्टर म्हणतात झाकूनच ठेवा. कोणाचं ऐकू?

सिस्टरांचं ऐका. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांवर प्रयोग केला होता, काही वरवरच्या जखमा उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या फिल्मखाली ओलसर ठेवल्या, तर झाकलेल्या जखमांवर नवीन कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. खपली धरली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं, ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात, एवढंच त्यामागचं कारण.

पण याला एक अपवाद आहे तो नीट लक्षात ठेवा. पायाला रक्तपुरवठाच कमी असेल आणि बोट किंवा टाच काळी, कोरडी, कडक झाली असेल तर ती स्वतःहून ओली करू नका, तिथे ओलाव्याने इन्फेक्शन पसरू शकतं. आणि रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट प्रेशर बँडेज तर अजिबात बांधायचं नाही, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्रश्न: मी नर्स आहे. वयस्कर पेशंटची चिकटपट्टी काढताना कातडीच सोलून निघते. काही उपाय?

सिलिकॉनच्या चिकटाचं ड्रेसिंग मागवा, ते उचलताना वरची कातडी खूप कमी ओढली जाते. काढताना वर खेचू नका, चामडीला समांतर, केसांच्या दिशेने, सावकाश काढा आणि दुसऱ्या हाताने चामडी धरून ठेवा. कातडीचा पापुद्रा परत जागेवर बसवला असेल तर ड्रेसिंगवर पेनाने बाण काढून ठेवा, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस उलट्या बाजूने ओढून तो पापुद्रा उचकटणार नाही. हा बाण आणि कोपऱ्याला धरायला एक जीभ कंपनीतूनच येत नाही अशी ड्रेसिंग्ज पाहिली की मला खरंच राग येतो, बनवणाऱ्याने एक दिवस वॉर्डात उभं राहून बघायला हवं.

प्रश्न: सगळ्याच ड्रेसिंगमध्ये सिल्व्हर घातलं तर इन्फेक्शनची काळजीच नको ना?

नको, असं करू नका. सिल्व्हर जंतूंना मारतं तसं जास्त झालं तर नव्या पेशींनाही त्रास देतं. इन्फेक्शनची लक्षणं असतील तेव्हाच लावायचं आणि दोन आठवड्यांनी परत बघायचं की अजून गरज आहे का. नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या, सिल्व्हरचं ड्रेसिंग ओलं करायला सलाइन घेऊ नका, क्लोराइडशी जुळून सिल्व्हर वाया जातं, निर्जंतुक पाणीच वापरा. आणि मृत ऊती विरघळवणारं कोलॅजिनेजचं मलम चालू असेल तर सिल्व्हर त्याला निकामी करतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत.

प्रश्न: शुगर आहे, तळपायाला जखम आहे, जाड मऊ फोम लावून चाललं तर चालेल का?

नाही. बुटात जाड फोम घातला की उलट दाब वाढतो. तिथे ड्रेसिंगपेक्षा पायावरचा भार काढणं जास्त महत्त्वाचं, त्यासाठी कास्ट किंवा खास बूट मिळतात, ते डॉक्टरांकडून लवकरात लवकर करून घ्या आणि तोपर्यंत त्या पायावर शक्यतो उभं राहू नका.